काचेवरचे क्षितिज

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील एका भाषणाची संहिता)



ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात हलक्या विमानातील उपकरणांविषयी व्याख्यान योजले जावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु विमानाच्या चालककक्षात गेल्या दोन दशकांत जो पालट घडून आला, तो मुळात वाचनाचा पालट आहे. पूर्वी वैमानिक अनेक तबकड्या वाचीत असे. आता तो एक काच वाचतो. जो मजकूर ठिकठिकाणी विखुरलेला होता, तो एका पानावर आला, सुबक झाला, रंगीत झाला. या पालटाने वाचन सुलभ झाले, की केवळ पाहणे सुलभ झाले, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. वाचकांच्या संस्थेला तो परका वाटू नये.

सुरत हे मूळचे दर्यावर्दींचे शहर. ऑगस्ट १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्सचे ‘हेक्टर’ हे जहाज तापीच्या मुखाशी येऊन ठेपले, त्याच्या कितीतरी आधीपासून येथली गलबते अरबस्तानापर्यंत जात-येत होती. खंभातच्या आखातातील वाळूचे दांडे आणि भरती-ओहोटीचे प्रचंड ओघ यांतून गलबत सुखरूप नेणाऱ्या जाणकाराला गुजरातीत मालम म्हणत. पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा, ताऱ्यांची उंची आणि किनाऱ्यावरच्या खुणा हीच त्याची पोथी. यांपैकी एकाच खुणेवर विसंबून राहणारा मालम फार दिवस टिकत नसे.

त्याच आखातावरून आज हलकी विमाने उडतात. सुरत आणि भावनगर यांच्यामध्ये आखात पसरलेले असल्याने रस्त्याने हे अंतर सुमारे ३७० किलोमीटर भरते. आकाशातून सरळ रेषेत ते जेमतेम ९० किलोमीटर आहे. सुरतेच्या हिऱ्यांच्या कारखान्यांतील कारागिरांपैकी फार मोठा वर्ग भावनगर आणि अमरेली या जिल्ह्यांतून आलेला. त्यामुळे या दोन किनाऱ्यांमधील ये-जा अखंड चालते. नोव्हेंबर २०२० मध्ये हजिरा ते घोघा अशी वाहने नेणारी जलवाहतूक सुरू झाली, आणि १ जानेवारी २०२२ पासून व्हेंच्युरा एअरकनेक्ट या सुरतेच्या कंपनीने भावनगर, राजकोट, अमरेली व अहमदाबाद या शहरांसाठी नऊ आसनी विमानांची सेवा सुरू केली. हे विमान म्हणजे सेस्ना कंपनीचे ग्रँड कॅरॅव्हान. त्याला एकच इंजिन, पंख डोक्यावर आणि चाके कायमची खाली. त्याचे कमाल वजन सुमारे ४ टन, म्हणजे भरलेल्या लहान मालमोटारीइतके.

बाहेरून पाहता हे विमान साधे, किंबहुना जुन्या वळणाचे दिसते. आत मात्र वैमानिकांच्या आसनांसमोर तीन मोठे पडदे असतात. गार्मिन या अमेरिकन कंपनीची ‘जी-१०००’ ही एकात्म उपकरणप्रणाली २००४ च्या सुमारास सेस्ना आणि डायमंड या कंपन्यांच्या लहान विमानांत आली आणि काही वर्षांत कॅरॅव्हानमध्येही कारखान्यातूनच बसवली जाऊ लागली. अशा चालककक्षाला वैमानिकांच्या भाषेत ‘ग्लास कॉकपिट’ म्हणतात. जे तंत्र एके काळी केवळ मोठ्या प्रवासी विमानांत आणि लढाऊ विमानांत होते, ते अशा रीतीने शिकाऊ वैमानिकाच्या हाती आले.

या पालटाचे मोल कळण्यासाठी आधीची स्थिती पाहणे इष्ट ठरेल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानापर्यंत जे उड्डाण केले, त्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. खालची जमीन, किनारा, नद्या आणि होकायंत्र यांवरच भिस्त होती. पुढे स्वतंत्र भारतात मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील आणि जर्मनीत गटिंगेन येथे प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये ‘एचटी-२’ हे शिकाऊ विमान सिद्ध केले. ते ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. १९५८ मध्ये ‘पुष्पक’ हे दोन आसनी विमान आले आणि देशभरच्या उड्डाण मंडळांतून वैमानिकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. पुष्पकच्या फळीवर मोजक्याच तबकड्या असत. वैमानिक नाक खाली किती झुकले आहे हे खिडकीतून दिसणाऱ्या खऱ्या क्षितिजावरून ठरवी, आणि इंजिनाची प्रकृती त्याच्या आवाजावरून ओळखी.

ढगात शिरल्यावर मात्र हे सारे लयाला जाते. माणसाचा तोल कानाच्या आतील द्रवावर अवलंबून असतो. विमान संथपणे एका बाजूला कलत गेले, तर त्या द्रवाला कलल्याची जाणीवच होत नाही. उलट विमान सरळ केले की आपण दुसऱ्या बाजूला कलंडत आहोत, असा भास होतो. १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात केवळ उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना क्षितिज दिसू न देता उडवून पाहिले गेले. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आले नाही. ताबा सुटण्यास लागलेला काळ सरासरी १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहूनही कमी होता. उन्हाळ्यातील धुरकट हवेत खंभातच्या आखातावर आकाश आणि पाणी एकाच करड्या रंगाचे होतात. ढग नसला तरी तेथे क्षितिज नसतेच. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे चालककक्षातील कृत्रिम क्षितिजाशी किती जीव बांधलेले असतात, ते उमगेल.

जुन्या पद्धतीच्या फळीवर सहा मुख्य तबकड्या असत. वरच्या ओळीत वेगमापक, कृत्रिम क्षितिज व उंचीमापक. खालच्या ओळीत वळणदर्शक, दिशादर्शक आणि चढ-उतारदर्शक. वेग, उंची व चढ-उतार ही तीन उपकरणे बाहेरच्या हवेच्या दाबावर चालत. उरलेली तीन आत गरगरणाऱ्या भोवऱ्यांवर. वैमानिकाचे खरे शिक्षण म्हणजे या सहांवरून नजरेची फेरी अखंड चालू ठेवणे. कृत्रिम क्षितिज म्हणते विमान सरळ आहे. मग उंची स्थिर आहे काय? दिशा बदलत नाही ना? वेग वाढत नाही ना? एकाची साक्ष दुसऱ्याकडून काढायची. न्यायाधीशाने साक्षीदार तपासावेत तसे हे काम आहे. त्यात कष्ट होते, पण एक लाभही होता. सहाही साक्षीदार बहुतांशी परस्परांपासून स्वतंत्र होते, आणि त्यांना एकत्र आणून निष्कर्ष काढण्याचे काम वैमानिकाच्या बुद्धीलाच करावे लागे.

काचेच्या चालककक्षात हे एकत्र आणण्याचे काम यंत्र करते. भोवऱ्यांच्या जागी घन अवस्थेतील संवेदक आले. ते विमानाचा कल, वळण आणि दिशा मोजतात. हवेचा दाब मोजून वेग व उंची यांचे गणित करणारा स्वतंत्र संगणक असतो. उपग्रहांवरून जीपीएसद्वारे स्थान मिळते. इंजिनाचा दाब, तापमान, इंधनाचा साठा आणि विजेचा भार यांच्या नोंदी आणखी एक संच गोळा करतो. हे सारे एकत्र येऊन पडद्यांवर उमटते. वैमानिकासमोरच्या मुख्य पडद्यावर पडदाभर पसरलेले क्षितिज असते, वर निळे आकाश, खाली तपकिरी भूमी. डावीकडे वेगाची उभी पट्टी, उजवीकडे उंचीची, खाली दिशेचे वर्तुळ. दुसऱ्या पडद्यावर नकाशा, मार्ग आणि इंजिनाची माहिती. पट्ट्यांच्या कडेला एक किरमिजी रेघ हळूच वर-खाली होते. सध्याचा कल असाच राहिला तर सहा सेकंदांनंतर वेग किती असेल, उंची किती असेल, हे ती रेघ दाखवते. जुन्या तबकडीला भविष्य ठाऊक नव्हते. या काचेला सहा सेकंदांपुरते ते ठाऊक आहे. ही सोय लहान नव्हे.

या प्रणालीचे परिचालन उड्डाणापूर्वीच सुरू होते. प्रथम राखीव बॅटरीची चाचणी. वीज दिली की संवेदकांना स्थिर होण्यास अवधी लागतो. तोवर विमान हलवणे योग्य नव्हे. दुसऱ्या पडद्यावर पहिलेच पान उघडते ते माहितीकोशाच्या वैधतेचे. विमानतळ, धावपट्ट्या, मार्ग आणि रेडिओ वारंवारता यांचा हा कोश दर २८ दिवसांनी नवा करावा लागतो. मुदत संपली असली तरी पडदा सुरू होतो; ती तारीख वाचून पुढे जायचे की नाही, हे वैमानिकाने ठरवायचे. कळ दाबल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. पण कळ दाबणे आणि वाचणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे ग्रंथालयात येणाऱ्यास निराळे सांगण्याची गरज नाही.

मग हवेच्या दाबाची नोंद. विमानाचा उंचीमापक वस्तुतः दाबमापकच असतो. त्या दिवशी समुद्रसपाटीचा दाब किती हे त्याला सांगावे लागते. गुजरातच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात हा दाब १०१५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, ऐन पावसाळ्यात तो १००० पर्यंत उतरतो. १ हेक्टोपास्कलची चूक म्हणजे उंचीत सुमारे ३० फुटांची चूक. पावसाळ्यात कोणी १०१३ हा प्रमाण दाबच तसाच ठेवला, तर पडदा विमान जवळपास ४०० फूट अधिक उंच असल्याचे दाखवील. आकडे ठसठशीत, पट्टी स्वच्छ, रंग उत्तम. पण उंची खोटी. सुरतेची धावपट्टी समुद्रसपाटीपासून काही थोड्या मीटरांवरच आहे, आणि तिच्या एका अंगाला उंच इमारतींची वस्ती वाढत गेली आहे. तेथे ४०० फुटांना काय अर्थ आहे, ते सांगायला नको.

त्यानंतर मार्गाची नोंद. प्रत्येक विमानतळाला चार रोमन अक्षरांचे संकेतनाम असते. सुरतेचे व्हीएएसयू. भावनगरचे व्हीएबीव्ही, वडोदऱ्याचे व्हीएबीओ, भोपाळचे व्हीएबीपी आणि मुंबईचे व्हीएबीबी. पहिली तीन अक्षरे चौघांचीही एकच. गोल बटण फिरवून अक्षरे निवडताना शेवटचे अक्षर एक घर चुकले, तर नकाशावर तितकीच सुंदर किरमिजी रेषा निराळ्याच शहराकडे निघते. यंत्राच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नसते. त्याला जे विचारले, त्याचे त्याने अचूक उत्तर दिलेले असते. येथे उपयोगी पडते ते जुने भूगोलाचे ज्ञान. भावनगर सुरतेच्या वायव्येस सुमारे ९० किलोमीटरवर आहे. मुंबई थेट दक्षिणेला, सव्वादोनशे किलोमीटरवर. वडोदरा ईशान्येला, सुमारे १४५ किलोमीटरवर. पडद्यावरचे अंतर आणि दिशा या मनातल्या नकाशाशी ताडून पाहणाऱ्याच्या हातून ही चूक निसटत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातील काली शहराकडे निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या मोठ्या विमानात वैमानिकांनी एका दिशादर्शक केंद्रासाठी ‘आर’ हे एकच अक्षर भरले. त्यांना अभिप्रेत होते ‘रोझो’ नावाचे केंद्र. संगणकाने निवडले दूरचे ‘रोमिओ’. विमान रात्रीच्या अंधारात वळले आणि डोंगरावर आदळले. १५९ जीव गेले. एका अक्षराच्या चुकीचे एवढे मोल मोजावे लागल्याची उदाहरणे इतिहासात फार नसतील.

उड्डाणानंतर दुसरा महत्त्वाचा भाग सुरू होतो, तो स्वयंचालकाचा. पडद्याच्या माथ्यावर एका अरुंद पट्टीत काही लघुरूपे उमटतात. हिरव्या अक्षरांत लिहिलेले ते या क्षणी चालू असते. पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले ते पुढे चालू व्हायचे असते. दिशा धरून ठेवणे, आखलेल्या मार्गाने जाणे, उंची राखणे, ठरावीक गतीने चढणे, ठरावीक वेग राखून चढणे असे प्रकार त्यात असतात. शेवटच्या दोहोंतील भेद पाहण्यासारखा आहे. ‘ठरावीक वेग राखून चढ’ असे सांगितले, तर इंजिनाची शक्ती अपुरी पडल्यास चढ आपोआप मंदावतो. ‘मिनिटाला १,००० फूट या गतीने चढ’ असे सांगितले आणि शक्ती अपुरी पडली, तर स्वयंचालक आज्ञापालनासाठी नाक वर धरून ठेवतो आणि विमानाचा वेग घटत जातो. अशा लहान विमानात इंजिनाची शक्ती कमी-अधिक करणे सहसा वैमानिकाच्याच हाती असते. म्हणून स्वयंचालकाला कोणती आज्ञा दिली, याइतकेच ती आज्ञा पाळताना तो कशाकडे दुर्लक्ष करील, हेही वैमानिकाला ठाऊक असावे लागते.

भारताने हा धडा फार लवकर आणि फार कठोर रीतीने घेतला. इंडियन एअरलाइन्सने १९८९ मध्ये एअरबस ए-३२० ही नव्या पद्धतीची विमाने आणली. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला गेलेले त्यांपैकी एक विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. विमानातील १४६ जणांपैकी ९२ मृत्यू पावले. विमान उतरताना इंजिने मंद शक्तीवर ठेवणारी अवतरण-पद्धत चालू राहिली होती. वेग आवश्यक पातळीच्या खाली गेला आणि ते ध्यानात येऊन शक्ती वाढवीपर्यंत वेळ उरला नव्हता. कोणती पद्धत चालू आहे, हे पडद्यावर लिहिलेले होते. मोठ्या विमानातील ही घटना हलक्या विमानांच्या चर्चेत आणण्याचे कारण इतकेच की, आज तशाच जातीची पट्टी लहान विमानाच्या पडद्यावर आहे, आणि तिच्यासमोर बसणारा पुष्कळदा विशीतला विद्यार्थी असतो.

हलक्या विमानांतील काचेच्या चालककक्षाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मार्च २०१० मध्ये प्रसिद्ध केला. २००२ ते २००६ या काळात तयार झालेली एका इंजिनाची आठ हजारांहून अधिक विमाने त्यात विचारात घेतली होती. काही जुन्या तबकड्यांची, काही काचेची. निष्कर्ष अनपेक्षित निघाला. काचेच्या चालककक्षाच्या विमानांचे एकूण अपघातांचे प्रमाण कमी होते. परंतु प्राणघातक अपघातांचे प्रमाण अधिक होते. एकंदरीत सुरक्षिततेत सुधारणा झाल्याचे दिसले नाही. या विमानांचा उपयोग लांबच्या प्रवासासाठी आणि खराब हवेत अधिक होत होता, हे त्याचे एक कारण. नव्या साधनाने वैमानिकाला जेथे पूर्वी तो जात नसे तेथे जाण्याचे धैर्य दिले, असाही त्याचा अर्थ लावता येईल. मंडळाने साधनाला दोष दिला नाही. त्या त्या प्रणालीचे स्वतंत्र शिक्षण हवे, ती बिघडते तेव्हा काय दिसते हे वैमानिकाला माहीत हवे, अशी शिफारस केली.

बिघाडाची बाब विशेष विचारात घेण्याजोगी आहे. जुन्या कृत्रिम क्षितिजाचा भोवरा हवेच्या पंपावर चालत असे. पंप बंद पडला की भोवरा हळूहळू मंदावे, आणि क्षितिज काहीही न सांगता कलू लागे. वैमानिक त्या खोट्या क्षितिजामागे जाई. काचेच्या प्रणालीत संवेदक निकामी झाला आणि यंत्राला ते उमगले, तर त्या जागी भली मोठी लाल फुली उमटते. ‘मला ठाऊक नाही’ असे सांगणारे उपकरण हे निश्चितच प्रगतीचे लक्षण आहे. एक पडदा गेला तर लाल बटण दाबून त्याचा मजकूर दुसऱ्या पडद्यावर आणता येतो. इंजिनाची माहिती तेथे कडेच्या चिंचोळ्या पट्टीत बसते. शिवाय वेग, उंची आणि क्षितिज दाखवणारी राखीव उपकरणे व होकायंत्र वेगळे असतेच.

तथापि लाल फुली उमटते ती यंत्राला आपला दोष कळला तरच. दाबाचा आकडा चुकीचा भरला, विमानतळाचे नाव चुकले, जुनी पद्धत चालू राहिली, तर फुली उमटत नाही. उपग्रहाचा संकेतच कोणी खोटा पाठवला तरी ती उमटेलच असे नाही. २०२३ पासून भारताच्या सीमावर्ती भागात, विशेषतः अमृतसर व जम्मूच्या परिसरात, विमानांच्या जीपीएसमध्ये असा व्यत्यय आल्याच्या अनेक नोंदी झाल्या आहेत. दुसरीकडे, भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून उभारलेल्या ‘गगन’ या व्यवस्थेमुळे उपग्रहाच्या आधारे धावपट्टीपर्यंत अचूक उतरण्याचा मार्ग खुला झाला. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे प्रवासी विमानाने तसे उतरून दाखवले. जेथे महागडी भू-यंत्रणा नाही अशा लहान विमानतळांना हे वरदानच आहे. तीच उपग्रहवाणी एके ठिकाणी वरदान आणि दुसऱ्या ठिकाणी फसवणूक ठरू शकते. दोहोंत भेद करणारा विवेक मात्र पडद्यात नाही.

मग हा विवेक कोठे घडवावयाचा? महाराष्ट्रात त्याची केंद्रे आहेत. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर २००८ पासून विमानतळ प्राधिकरण आणि सीएई ही कॅनडाची कंपनी यांच्या सहकार्याने राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था चालू झाली. तेथे डायमंड कंपनीच्या विमानांतून विद्यार्थी आरंभापासूनच काचेवर शिकले. खानदेशात शिरपूर येथेही वैमानिक-शिक्षणाची सोय झाली, म्हणजे जी तापी सुरतेला समुद्राला मिळते, तिच्याच काठच्या मुलखात. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने सिद्ध केलेल्या ‘हंस-एनजी’ या स्वदेशी शिकाऊ विमानाने ३ सप्टेंबर २०२१ रोजी पहिले उड्डाण केले. त्याचाही चालककक्ष काचेचाच आहे. पुढच्या पिढीचा वैमानिक तबकड्यांची फळी कदाचित जन्मात पाहणार नाही.

म्हणून शिक्षकाचे काम अधिक अवघड झाले आहे. या विद्यार्थ्याला बटणे शिकवावी लागत नाहीत. पडद्याशी त्याचे सख्य लहानपणापासून असते. त्याला शिकवावे लागते ते पडद्यावरून नजर काढणे. स्वच्छ हवेत उडताना डोळ्यांचा अधिक वेळ खिडकीबाहेर गेला पाहिजे, कारण समोरून येणारे दुसरे विमान, घारींचा थवा किंवा तुटलेला पतंग नकाशावर दिसतोच असे नाही. मकरसंक्रांतीच्या दिवसांत सुरतेच्या आकाशाकडे पाहिलेल्याला हे पटेल. चांगला शिक्षक मधूनच विद्यार्थ्यासमोरचा पडदा झाकतो आणि विचारतो, ‘आता वेग किती? भावनगर कोणत्या बाजूला? इंधन किती मिनिटांचे?’ ज्याने काच नुसती पाहिलेली असते तो गोंधळतो. ज्याने ती वाचलेली असते त्याच्या मनात वेग, दिशा आणि वेळ यांचे गणित चालूच असते. तो राखीव तबकड्यांकडे वळतो आणि उत्तर देतो. ही कसोटी कोणत्याही पुस्तकाच्या वाचकालाही लावून पाहता येईल. पुस्तक मिटल्यावर जे उरते, तेवढेच त्याचे वाचन.

येथे काचेचा धिक्कार करण्याचा हेतू नाही. पंपावरच्या भोवऱ्याने फसवलेल्या वैमानिकांची संख्या लहान नव्हती, आणि ढगात सापडलेल्या तरुणाला पडदाभर पसरलेले क्षितिज व सभोवतालच्या डोंगरांचे चित्र दिसले, तर त्याचे प्राण वाचण्याची शक्यता वाढते, यात शंका नाही. जुनी विद्या जुनी म्हणून थोर ठरत नाही. परंतु सहा तबकड्यांनी वैमानिकाला जी एक सवय लावली होती, एकाची साक्ष दुसऱ्याकडून काढण्याची, ती तबकड्यांबरोबर अडगळीत टाकून चालणार नाही. पूर्वी ही सवय परिस्थितीच लावीत असे. आता ती मुद्दाम लावावी लागेल, आणि अभ्यासक्रमात तिच्यासाठी वेळ राखून ठेवावा लागेल. शिक्षणाचे तास महाग असतात आणि कुटुंबे कर्ज काढून ते विकत घेतात. त्यामुळे बटणांच्या पाठावर शिक्षण आटोपण्याचा मोह संस्थांनाही होतो आणि विद्यार्थ्यांनाही. त्या मोहाची किंमत पुढे मागच्या आसनांवरचे प्रवासी देतात.

दिवाळीसाठी गावी निघालेले एखादे कुटुंब अशा विमानाने सुरतेहून भावनगरला जात असेल, तर त्यांना पडद्यांतील काही कळण्याचे कारण नाही, आणि कळावे अशी अपेक्षाही नाही. त्यांचा विश्वास पुढे बसलेल्या माणसावर असतो. आखात मागे पडते, विमान खाली येऊ लागते, काचेवर मार्ग, उंची आणि वेग यांच्या खुणा जुळत येतात. उतरण्याच्या प्रत्येक पद्धतीत एक उंची ठरवून दिलेली असते. तिच्यापर्यंत काचेवर विसंबून येण्याची मुभा आहे. त्या उंचीवर वैमानिकाने मान वर करून खिडकीबाहेर पाहायचे असते. धावपट्टी डोळ्यांना दिसली तर उतरायचे. दिसली नाही, तर काच काहीही सांगत असो, शक्ती वाढवून पुन्हा वर जायचे. हा नियम तबकड्यांच्या काळातही होता, आणि काच कितीही सुधारली तरी या विमानांत तो पाळावाच लागतो. त्या एका क्षणी मान वर करण्याची सवय ज्याच्या अंगी मुरली आहे, त्याच्याच हाती ते तीन पडदे सोपवणे योग्य होय.